धीर देणे पुरेसे नसते

नुकतीच बाळंत झालेली एखादी बाई मैत्रिणीजवळ कबूल करते, की बाळाला अंघोळ घालताना ‘आपणच याला काही करून बसलो तर?’ असा विचार मनात येतो आणि हातपाय गार पडतात. त्यावरचे उत्तर बहुतेक ठरलेले असते: ‘काहीतरीच काय बोलतेस! किती जपतेस तू त्याला. असले विचार मनात आणूच नकोस.’ यामागची माया खरी असते, पण त्यातल्या दोन्ही गोष्टी उलट्या पडतात. विचार हाकलायला सांगितले की तो अधिक चिकटतो. चांगुलपणाची खात्री दिली की तीच खात्री उद्या पुन्हा मागावी लागते. नकोशा विचारांनी गांजलेल्या मित्राला धीरापेक्षा वेगळे काही हवे असते. ते काय, याचा विचार ज्यू परंपरेने फार पूर्वीपासून केला आहे आणि त्यातला बराचसा भाग आजच्या मानसशास्त्राशी जुळतो.

आधी मानसशास्त्र काय सांगते ते पाहू. मानसशास्त्रज्ञ रॅकमन आणि डी सिल्वा यांनी 1978 मध्ये दाखवून दिले, की मनोरुग्णांना छळणारे विचित्र, हिंसक, अभद्र विचार निरोगी माणसांच्या मनातही सर्रास येतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इस्रायलसह 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांशी बोलणे झाले. मागच्या तीन महिन्यांत असा एखादा तरी विचार आल्याचे त्यांतल्या सुमारे 94 टक्के जणांनी सांगितले. म्हणजे फरक विचार येण्या-न येण्याचा नाही, आलेल्या विचाराचा अर्थ आपण काय लावतो याचा आहे. ‘हे माझ्या मनात आले, म्हणजे मीच तसा’ असा निष्कर्ष काढणारा माणूस अडकतो. तो विचार दाबू पाहतो, आणि डॅनियल वेग्नर यांच्या 1987 च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे बजावलेल्या माणसांचे जे झाले तेच त्याचे होते. अस्वल डोक्यातून हलत नाही आणि दाबण्याची सक्ती उठल्यावर तर जोमाने परतते.

ज्यू विचारवंतांनी ‘म्हणजे मीच तसा’ हा निष्कर्षच तोडला. ज्या दोषांतून कोणीही एक दिवसही सुटत नाही, त्यांत तालमूद या ज्यू धर्मग्रंथाने पापाचे विचार गणले आहेत. मनात आलेला वाईट विचार देव कृतीच्या खात्यावर मांडत नाही, असेही तिथे म्हटले आहे. 1796 मध्ये छापलेल्या ‘तान्या’ या ग्रंथात लियादीचे रब्बी श्नेऊर झाल्मन आणखी पुढे जातात. सल्ला मागायला येणाऱ्या अनुयायांच्या प्रश्नांना उत्तर म्हणूनच त्यांनी हा ग्रंथ लिहिला. कामाच्या वेळी किंवा प्रार्थनेत नकोसे विचार आले तर खिन्न होऊ नका, असे ते बजावतात. अशा खिन्नतेत त्यांना सुप्त अहंकार दिसतो: आपल्यासारख्याच्या मनात हे यावेच कसे, हा. विचाराशी वाद घालायलाही ते मना करतात, कारण चिखलाने माखलेल्याशी कुस्ती खेळणारा स्वतःही माखतो. हातातले काम पुढे चालू ठेवावे, हे त्यांचे सांगणे.

मग मित्राचे काम काय? तालमूदमधल्या रब्बी योहानान यांच्या दोन कथा शेजारी ठेवल्या की उत्तर मिळते. दुसऱ्यांना हात देऊन उठवणारे योहानान स्वतः आजारी पडतात, तेव्हा रब्बी हनिना भेटायला येतात. ते प्रवचन देत नाहीत. हे दुःख तुम्हाला हवेसे वाटते का, एवढेच विचारतात. दुःखही नको आणि त्याचे पुण्यही नको, असे उत्तर आल्यावर हात मागतात आणि उठवतात. योहानान स्वतःच का उठले नाहीत, या प्रश्नावर तालमूदचे म्हणणे असे, की कैद्याला आपली आपण सुटका करता येत नाही. दुसऱ्या कथेत त्यांचा अभ्यासातला जोडीदार रेश लाकिश मरण पावला आहे. सांत्वनाला आलेले रब्बी एलाझार त्यांच्या प्रत्येक विधानाला आधार देत राहतात. योहानान चिडतात: रेश लाकिश चोवीस हरकती घ्यायचा, माझे बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? शेवटी त्या शोकात त्यांना भ्रम होतो. हात देणारा मित्र उपयोगी पडला, मान डोलावणारा पडला नाही. बाळाच्या आईपुरते बोलायचे तर तिच्या हातातला तांब्या काढून घेऊ नये आणि तिला रोज प्रमाणपत्रही देऊ नये. ‘विचार आला म्हणून तू वाईट, हे कशावरून?’ असे एकदा विचारावे. तिने तीच खात्री पुन्हा मागितली तर सांगावे, ‘अगं, हे काल बोलून झालंय, आज पुन्हा नाही सांगणार. पण मी इथेच बसते, तू घाल त्याला अंघोळ.’

यावर जाणकार हरकत घेतील, की हीच परंपरा विचारांवर कडक पहारा ठेवते. दहा आज्ञांतली शेवटची आज्ञा लोभाविषयी आहे, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशीच्या कबुलीत मनातल्या पापांचाही उल्लेख असतो आणि पापाचे विचार पापाहून जड, असेही तालमूद एके ठिकाणी म्हणतो. हे सारे खरे आहे. पण ‘तान्या’ रेघ ओढतो ती आपोआप आलेला विचार आणि जाणूनबुजून घोळवलेला विचार यांच्यात. ज्याला विचाराची किळस येते, तो त्याला घोळवत नसतो. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: ‘तान्या’ही विचार दूर लोटायलाच सांगतो, मग अस्वलाचे काय? इथे परंपरा आणि आजची उपचारपद्धती पूर्ण जुळत नाहीत, हे मान्य करावे. लोटण्याच्या भाषेपेक्षा वाद न घालता कामाकडे वळण्याचा सल्ला आज अधिक उपयोगी आहे. चिंताग्रस्ताने चिंता मनातून काढावी की इतरांना सांगावी, यावर तालमूदमधल्या दोन रब्बींचेही एकमत नव्हतेच.

तिसरी हरकत व्यवहाराची: मित्र काही डॉक्टर नव्हे. बरोबर, आणि ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस तर स्वतः वैद्य होते. मनाने आजारी असलेल्यांनी जाणत्यांकडे जावे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. विचारांपायी दिवसाचे तास जात असतील, तर मित्राला तज्ज्ञाकडे नेणे हेच हात देणे. आईला विचाराची भीती न वाटता तो खराच वाटू लागला, आवाज ऐकू येऊ लागले, किंवा कोणी जीव देण्याबद्दल बोलले, तर वर सांगितलेले सारे बाजूला ठेवावे. तेव्हा थेट विचारावे, एकटे सोडू नये आणि तातडीने डॉक्टर गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे. जीव वाचवण्यासाठी ज्यू धर्म शब्बाथ हा पवित्र विश्रांतीचा दिवससुद्धा मोडायला सांगतो. एरवी मात्र ‘गेला का तो विचार?’ असे मित्राला रोज विचारणे सोडावे. विचार असतानाही आजचे काम त्याच्या हातून झाले का, हे पाहावे आणि ते होत नसेल तर त्या कामाला सोबत बसावे.