विश्लेषण : मूमिनचा मग घेतला, गोष्ट वाचली का?

फिनलंडहून परतणाऱ्या पर्यटकाच्या बॅगेत एक मग हमखास सापडतो. त्यावर पाणघोड्यासारखा दिसणारा पांढरा, गुबगुबीत मूमिन असतो. पण आठवणवस्तूंच्या या बाजारात मूळ गोष्ट मागे पडते आहे का?

मूमिन आले कुठून?

हेलसिंकीत १९१४ मध्ये जन्मलेल्या चित्रकार-लेखिका तूवे यान्सन यांनी ही पात्रे निर्माण केली. त्या स्वीडिश भाषेत लिहीत. पहिले पुस्तक १९४५ मध्ये, म्हणजे युद्धाने देश पोळलेला असताना आले. त्यात मूमिनची आई आणि मुलगा, हरवलेल्या बाबांना शोधत पुरातून वाट काढतात. घर गमावण्याची भीती आणि दारात येईल त्याला सामावून घेणारे कुटुंब, हा या गोष्टींचा गाभा आहे.

पाहण्यासारखे काय?

तुर्कूजवळच्या नान्ताली गावाला लागून काइलो नावाचे छोटे बेट आहे. तिथे १९९३ पासून ‘मूमिनवर्ल्ड’ हे उद्यान आहे. ते प्रामुख्याने उन्हाळ्यात सुरू असते. पोटात गोळा आणणाऱ्या पाळण्यांवर त्याचा भर नाही. मुले पूल ओलांडून जातात, मूमिनच्या निळ्या घरात शिरतात, पात्रांना मिठी मारतात. ताम्पेरे शहरातील मूमिन संग्रहालय २०१७ मध्ये सध्याच्या जागेत सुरू झाले. तिथे यान्सन यांची मूळ चित्रे आणि त्यांच्या जोडीदार तूलिक्की पिएतिला यांच्या सहभागाने घडलेले त्रिमितीय देखावे आहेत. जपानमध्येही टोकियोजवळच्या हान्नो येथे २०१९ मध्ये मूमिन उद्यान उघडले.

खरेदीचे वेड किती?

‘अराबिया’ या फिनिश ब्रँडचे मूमिन मग १९९० पासून तूवे स्लोते यांच्या संकल्पनेतून घडत आहेत. हंगामी मग ठरावीक काळच मिळतात, म्हणून संग्राहकांची झुंबड उडते आणि दुर्मीळ मगसाठी हजारो युरो मोजले जातात. टॉवेल, बिस्किटे, मोजे हे तर वेगळेच.

मग आक्षेप कशाला?

कारण खुद्द मूमिनच्या गोष्टी वस्तूंच्या हव्यासाविषयी सावध करतात. भटका स्नफकिन पाठीवर मावेल तेवढेच सामान बाळगतो. वस्तू जपता जपता धास्तावलेल्या फिलीजॉन्कचे सगळे सामान वादळ उडवून नेते आणि तिला दुःखाऐवजी सुटल्यासारखे वाटते. अशा पात्रांचे चित्र असलेला मग कपाटात कुलूपबंद ठेवणे, हा विरोधाभासच.

अर्थात सगळा दोष व्यापाराचा नाही. पात्रांचे हक्क सांभाळणारी कंपनी यान्सन कुटुंबाने स्थापली. हक्क घरात राहिल्यामुळे पात्रांच्या रूपावर मूळ चित्रांचा वचक राहिला आणि पुस्तके नव्या पिढीपर्यंत पोहोचत राहिली. मगवरचे चित्र पाहून एखादे मूल पुस्तक मागत असेल, तर तो मग कामी आला म्हणायचे.

पर्यटकाने काय करावे?

क्रम बदलावा. आधी एखादी गोष्ट वाचावी, मग ताम्पेरेतील मूळ चित्रे पाहावीत आणि दुकानात शेवटी जावे. घ्यायचाच तर एकच मग घ्यावा आणि त्यातून रोज चहा प्यावा. फुटला तरी हळहळ फार नको. गोष्ट तर सोबत असेलच.