‘मुंबईचा आजार’ म्हणणाऱ्यांना

‘डिस्लेक्सिया, लर्निंग डिसेबिलिटी हे सगळे मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांचे आजार. आमच्याकडे पोरगा एक तर अभ्यास करतो, नाही तर करत नाही.’ भंडारा जिल्ह्यात शिक्षणावर चार माणसे बोलायला बसली की हे वाक्य येतेच. बोलणारे वाईट नसतात. त्यातल्या अनेकांनी उभे आयुष्य शिकवण्यात घालवलेले असते. म्हणूनच या मताचा समाचार घेतला पाहिजे. त्याचा भुर्दंड तिसरी-चौथीतल्या लेकरांना पडतो.

या मताला आधार एकच: निदान झालेली मुले मुंबईची दिसतात. ती दिसणारच. अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने 1996 साली, देशात सर्वांत आधी घेतला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. सुनील करंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांची तपासणी करून त्यावर वर्षानुवर्षे लिहिले. पण सवलतींसाठीचे प्रमाणपत्र देणारी केंद्रे बराच काळ मुंबईतल्या मोजक्या रुग्णालयांत होती, आणि चाचण्याही बहुतांश इंग्रजी माध्यमाच्या मुलांना लावण्याजोग्या. जिथे तपासले तिथे सापडले. हिवतापाची रक्ततपासणी बंद केली म्हणून गावातून हिवताप जात नाही. अमेरिकन मनोचिकित्सा संघटनेच्या 2013 च्या निदान-पुस्तिकेत शाळकरी मुलांतले अध्ययन-अक्षमतेचे (लर्निंग डिसेबिलिटीचे) प्रमाण 5 ते 15 टक्के दिले आहे, आणि ते वेगवेगळ्या भाषा व संस्कृती धरून. खालचा आकडा घेतला तरी चाळीसच्या वर्गात दोन मुले. पवनी आणि तुमसर तालुके त्यातून वगळावेत असे एकही कारण मला दिसत नाही.

‘इंग्रजीचे स्पेलिंग विचित्र, म्हणून तिकडे अडते, आपली देवनागरी उच्चारानुसारी आहे,’ असे यावर म्हटले जाते. हे अर्धेच खरे. लिपी नियमित असली की मूल वाचायला शिकते, पण अडखळ जात नाही. ती वेगात दिसते. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांतल्या मुलांवर केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की आपल्यासारख्या अक्षरलिप्यांवर पकड यायला सर्वसाधारण मुलांनाही चौथीपर्यंतचा काळ लागतो. बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून चिन्हे शेकड्यांनी होतात. ज्याच्या मेंदूला ध्वनी सुटे करणे आणि चिन्हाशी जोडणे जड जाते, तो या जंगलात कुठे पोहोचत असेल? चौथीतल्या अशा मुलाशेजारी बसून पाहा. बोट ओळीवर ठेवलेले असते. ‘वैनगंगा’ या शब्दाशी तो ‘वे’ म्हणतो, थांबतो, मात्रा पाहून ‘वै’ करतो, ‘न’ जोडतो, आणि ‘गंगा’पर्यंत येईतो मागचे निसटलेले असते. फळ्यावरचे उतरवताना प्रत्येक अक्षराला मान वर जाते. बाकीची मुले दप्तर आवरत असतात तेव्हा त्याची दुसरी ओळ चालू असते. हाच मुलगा घरी कोणत्या बांधीचे पाणी कोणत्या धुऱ्यातून फोडायचे ते बिनचूक सांगतो, आठवडी बाजारात मासोळीचा हिशेब तोंडी करतो. त्याला ‘ढ’ म्हणणे ही सरळ चूक आहे; बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन अडते, हेच तर या अक्षमतेचे लक्षण. 1896 साली इंग्लंडच्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी अशा मुलाची, चौदा वर्षांच्या पर्सीची, पहिली नोंद लिहिली. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे पर्सीच्या शिक्षकांचे मत त्यात आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांना जे दिसले ते आपल्याला आज दिसू नये?

आता विरोधकांचा खरा वजनदार मुद्दा. ते म्हणतात, इथे मुलाची घरची बोली वेगळी, शिकवणे अपुरे, धानाच्या रोवणीच्या दिवसांत हजेरी निम्मी. मग कोण अक्षम आणि कोण नुसता मागे, हे ठरवणार कसे? हा प्रश्न मला मान्य आहे, आणि तो टाळणारे ‘तज्ज्ञ’ मुलांचे नुकसान करतात. इकडच्या झाडीबोलीत ण, ळ, श, ष, छ हे वर्ण वापरात नाहीत, हे या बोलीच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. तेव्हा साकोलीकडचे मूल ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चे ‘डोरा’ लिहिते तो आजार नाही, ती त्याच्या आईची भाषा आहे. घरी पोवारी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचेही तसेच. पण बोलीतून येणारी चूक नियमाने येते: ‘ळ’ जिथे जिथे, तिथे तिथे ‘र’. अक्षमतेतली चूक एकाच पानावर तीन तऱ्हांची असते. ‘कमळ’ कधी ‘कळम’, कधी ‘कमल’, कधी ‘कम’. झाडीबोली जाणणारा शिक्षक हा फरक जितका चटकन ओळखेल, तितका बाहेरून आलेला मानसशास्त्रज्ञ ओळखणार नाही. डोळे, कान, हजेरी आणि शिकवणे यांची खातरजमा केल्याशिवाय निदान करू नये, हा तर शास्त्राचाच नियम. म्हणजे हा आक्षेप तपासणी काळजीने करायला सांगतो. तपासणीच करू नका, असे त्यातून निघत नाही.

‘आमची पोरे कणखर आहेत, सोसून घेतात,’ हे मात्र मला ऐकवत नाही. सोसतात म्हणजे काय करतात? सोमवारी सकाळी पोट दुखते. मागच्या बाकावर बसून मान खाली घालतात. वाचायची पाळी आली की लघवीला जातात, किंवा मुद्दाम खोडी काढून शिक्षा ओढवून घेतात. वाचण्यापेक्षा मार बरा. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984 मध्ये ताणाशी सामना करण्याच्या दोन वाटा मांडल्या: अडचणीलाच हात घालणे आणि तिच्यामुळे होणारी घालमेल आवरणे. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती पहिली वाट नसतेच; ती मोठ्यांनी उघडायची असते. ती बंद राहिली की उरते नुसते टाळणे. नेल्सन आणि हारवूड यांनी 2011 मध्ये 58 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांत चिंतेची लक्षणे इतरांपेक्षा ठळकपणे जास्त आढळली. चिंतेने ध्यान उडते, ध्यान उडाले की वाचन आणखी मागे पडते. नववीत शाळा सुटते आणि पोरगा मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्यांच्या गाडीत बसतो. मग आपणच म्हणतो, ‘त्याला शिकायचेच नव्हते.’

याची दुसरी बाजूही संशोधनात आहे, आणि ती दिलासा देणारी आहे. हवाईच्या कावाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा मागोवा एमी वर्नर यांनी ती मोठी होईपर्यंत घेतला. त्यांत अध्ययन-अक्षमता असलेली 22 मुले होती. बत्तिसाव्या वर्षापर्यंत त्यांतली बहुतेक कामाला लागून संसारात स्थिरावली होती. त्यांना विश्वास टाकणारे एखादे मोठे माणूस मिळाले होते, आणि आपल्याला काही येते असे वाटायला लावणारे काम. कॅलिफोर्नियाच्या फ्रॉस्टिग केंद्रानेही आपल्या अशाच विद्यार्थ्यांचा वीस वर्षे पाठपुरावा केला. पुढे निभावलेल्यांत स्वतःची अडचण नेमकी ओळखणे, मदत मागणे, मनाचा ताण हाताळणे हे गुण सापडले. यातले काहीही छडीने येत नाही. मुलाला स्वतःची अडचण कळायची, तर आधी ती कोणीतरी त्याला सांगावी लागते.

कायदा इथे मुलाच्या बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आली. 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी करायची प्राथमिक चाचपणी शाळेवरच सोपवली. प्रमाणपत्राची फेरतपासणी 14 व्या आणि 18 व्या वर्षी ठेवली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही ही अक्षमता आहे, पण वर्षातून एकदा येणाऱ्या पथकाच्या उभ्या उभ्या तपासणीत वाचन कळत नाही. ते रोज पाहणारा माणूस एकच, वर्गशिक्षक. त्याच्या हाती देण्याजोगे साधन मराठीत आहे: मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने पहिली ते पाचवीसाठी तयार केलेला ‘डाली’ हा चाचपणी-संच. जिल्हा परिषदेने तो प्रत्येक केंद्रशाळेत पोहोचवावा आणि रोवणी उरकल्यावर, पोरे वर्गात परतली की तिसरीची चाचपणी लावावी. पुढची तपासणी आणि प्रमाणपत्र भंडाऱ्यातच, ठरल्या दिवशी मिळावे. नागपूर भंडाऱ्याहून साठ किलोमीटर आहे. लाखांदूरच्या टोकावरच्या आईची तिथल्या प्रत्येक फेरीत मजुरी बुडते, आणि दुसऱ्या फेरीला ती येत नाही.

खोटी प्रमाणपत्रे निघतील, असे म्हणतात. निघतील, ती पकडण्यासाठीच तर फेरतपासणी आहे. आणि गुरुजींच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, हे तर खरेच. पण काही गोष्टींना ना निधी लागतो, ना शासन निर्णय. त्या मुलाला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावू नका. परिसर अभ्यासाचा प्रश्न त्याला वाचून दाखवा आणि उत्तर तोंडी घ्या. श्रुतलेखनाचे दहा शब्द आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि ‘पोराचं काही होईल का जी?’ असे विचारत बाप शाळेच्या दारात उभा राहिला, तर त्याला आत बसवून सांगा की पोरगा आळशी नाही, त्याची तपासणी करून घेऊ.