ध्रुवीय प्रकाशाचा हिशेब अपुराच

१० मे २०२४ च्या रात्री सूर्यावरून आलेल्या भारित कणांच्या लोटाने पृथ्वीचे चुंबकीय कवच हादरले आणि लडाखमधील हानले येथील आकाशातही लाली उमटली. दोन दशकांतील त्या सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळाची छायाचित्रे जगभर गाजली. या नेत्रदीपक देखाव्यामागचा खरा प्रश्न मात्र हिशेबाचा आहे. वातावरणात किती ऊर्जा ओतली गेली आणि नेमकी कुठे?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. अशा वादळात वरचे वातावरण तापून फुगते. कणांचा वर्षाव हे त्याचे एक कारण. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्पेसएक्स’ने नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी सुमारे ४० उपग्रह हवेचा विरोध वाढल्याने गमवावे लागले.

उपग्रहावरील कणमापक केवळ आपल्या मार्गावरील कण मोजतो. संपूर्ण पट्ट्याच्या अंदाजासाठी शास्त्रज्ञ अतिनील प्रकाशाचा आधार घेतात. इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या रेणूंवर आदळले की हा प्रकाश बाहेर पडतो. त्याच्या तेजावरून आलेल्या ऊर्जेचे प्रमाण कळते. इलेक्ट्रॉन जितका ऊर्जावान, तितका तो खोल शिरतो. तेथून वर येताना १४० ते १५० नॅनोमीटरच्या लहरी ऑक्सिजन अधिक शोषतो. १६५ ते १८० नॅनोमीटरच्या लहरी तुलनेने निसटतात. या दोहोंच्या गुणोत्तरावरून इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा काढली जाते.

अर्थात, या गणितात गृहीतके आहेत. प्रोटॉनही नायट्रोजनला उजळवतात. त्यांचा वाटा वेगळा न केल्यास निष्कर्ष फसतो. शिवाय दिवसा वातावरणाची स्वतःची अतिनील प्रभा वजा करावी लागते.

त्याहून मोठी उणीव सातत्याची आहे. ‘नासा’चे १९९६ मधील ‘पोलर’ आणि २००० मधील ‘इमेज’ हे उपग्रह उंच कक्षेतून ध्रुवाभोवतीचे अवघे कडे तासन् तास न्याहाळत. ‘इमेज’ २००५ मध्ये मूक झाला, ‘पोलर’ २००८ मध्ये थांबला. खालच्या कक्षेतील उपग्रहांना एका फेरीत एकच पट्टा दिसतो आणि फेरीला सुमारे शंभर मिनिटे लागतात. ध्रुवीय प्रकाशाचा उद्रेक मात्र काही मिनिटांत होतो.

सूर्याकडून काय निघाले, हे भारताच्या ‘आदित्य एल-१’सारख्या यानांमुळे कळते. वातावरणात प्रत्यक्ष काय उतरले, हे सांगणारी अखंड नजर हवी. युरोप आणि चीन यांनी आखलेल्या ‘स्माइल’ मोहिमेत अतिनील कॅमेरा त्यासाठीच आहे. एका मोहिमेची मुदत संपल्यावर पुन्हा पोकळी निर्माण होऊ न देणे, हीच यापुढची खरी कसोटी ठरेल.