पडद्यावरचे भूत आणि आपले मौन

चुडावा (जि. परभणी) : भयपट हा पक्षाने विचार करण्याचा विषय नव्हे, असे आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांना वाटते. पीककर्ज, हमीभाव, रोजगार हमीची थकलेली मजुरी हे प्रश्न आ वासून उभे असताना समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांना पडद्यावर कसे रंगवले जाते याचा काथ्याकूट कोणी करावा, असा त्यांचा सवाल असतो. सवाल प्रामाणिक आहे. परंतु जनतेने कोणाला भ्यावे हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे ते काही कष्टकऱ्यांचे मित्र नव्हेत, याचा त्यात विसर पडलेला आहे.

प्रथम आपल्या घरच्या भुतांची नामावळीच पाहा. मुंज झाली पण लग्नापूर्वी मेला तो मुंज्या. बाळंतपणात दगावली ती अळवंत. इच्छा अपुरी ठेवून, मागे कोणी न ठेवता गेला तो समंध. विवाह, वंश आणि वारसा या चौकटीतून जो निसटला त्याची रवानगी पिंपळावर! समलिंगी किंवा तृतीयपंथी माणूस तर जिवंतपणीच या चौकटीच्या बाहेर. त्याला भूत ठरवण्यासाठी समाजाला त्याच्या मरणाचीही वाट पाहावी लागत नाही.

पश्चिमेने हेच केले. १८७२ साली ल फानू या आयरिश लेखकाने ‘कार्मिला’ लिहिली. तीत स्त्रीवर आसक्त होणारी स्त्री रक्तपिपासू निघते. १८९५ साली ऑस्कर वाइल्डला तुरुंगात धाडताना त्याची ‘डोरियन ग्रे’ ही कादंबरीच न्यायालयात त्याच्याविरुद्ध वापरली गेली. पुढे हॉलिवूडच्या नीतिसंहितेने समलिंगी माणसाला पडद्यावर बंदी केली; राक्षसाच्या सोंगात मात्र तो चालत राहिला. यात एक विलक्षण गोष्ट अशी की, १९३१ च्या ‘फ्रँकेनस्टाइन’चा दिग्दर्शक जेम्स व्हेल हा स्वतः समलिंगी होता. मशाली घेऊन पाठलाग करणाऱ्या जमावाकडे पाहताना आपली सहानुभूती राक्षसाकडे झुकते, ती त्याच्यामुळे.

आपल्या हिंदी चित्रपटांत ही सहानुभूतीसुद्धा नव्हती. १९९१ च्या ‘सडक’मध्ये कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी ‘महाराणी’ सदाशिव अमरापूरकरांनी उभी केली. अभिनय जबरदस्त होता, पुरस्कारही मिळाला. पण तृतीयपंथी म्हणजे काय, याची एका अख्ख्या पिढीची समजूत त्या खलनायकावरून बनली. १९९९ च्या ‘संघर्ष’मध्ये साडी नेसलेला नराधम अमरत्वासाठी लेकरांचे बळी देतो. १९९८ साली ‘फायर’मध्ये दोन स्त्रियांचे प्रेम माणुसकीने दाखवले, तेव्हा मुंबईत शिवसैनिकांनी चित्रपटगृहे फोडली. २००४ साली ‘गर्लफ्रेंड’ आला, आणि त्यात अशी स्त्री माथेफिरू, खुनशी म्हणून रंगवलेली होती. आपल्या मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांनी १९८१ सालीच ‘मित्राची गोष्ट’मध्ये अशा मुलीला हाडामांसाची माणूस म्हणून उभी केली होती. तो वारसा आपण जपला नाही.

‘लेकरे पळवणारा हिजडा’ हे चित्र पटकथाकारांच्या डोक्यातून निघालेले नाही. ते कायद्याने घडवले. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग या माणसांची नोंदवही ठेवण्यासाठीच होता. आपल्या मराठवाड्यावर राज्य करणाऱ्या निजामानेही १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ साली, तसाच कायदा केला. संशयितांची नोंद करावी, आणि स्त्रीवेषात रस्त्यावर दिसल्यास वॉरंटाविना पकडावे! तेलंगणात हा कायदा २०२३ सालापर्यंत पुस्तकात जिवंत होता. उच्च न्यायालयाने तो तेव्हा रद्द केला. त्याच हैदराबादेत मे २०१८ मध्ये मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने एका तृतीयपंथी व्यक्तीला ठार मारले. पुढच्याच महिन्या-दीड महिन्यात धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण याच अफवेचे बळी झाले. म्हणजे पडद्यावरची भीती भटक्याला आणि तृतीयपंथीयाला एकाच दगडाने ठेचते. हा प्रश्न शहरी मध्यमवर्गाचा चोचला आहे, असे म्हणणाऱ्यांनी राईनपाड्याला जाऊन यावे.

आणि परभणी जिल्ह्याने तरी हे ऐकून घेऊ नये. १९७२ ते १९७४ या काळात मानवतला स्त्रियांचे आणि कोवळ्या मुलींचे खून पडत राहिले. गुप्तधनासाठी आणि अपत्यप्राप्तीसाठी हे बळी दिले, असा सरकार पक्षाचा आरोप होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या साऱ्या प्रकरणात साडी नेसलेला राक्षस कुठे होता? होती ती धनाची हाव आणि वंशाची ओढ, म्हणजे अगदी प्रतिष्ठित, घरंदाज वासना! नरबळीविरोधी कायदा व्हायला मात्र २०१३ साल आणि डॉ. दाभोलकरांचे रक्त लागले.

२०२० साली ‘लक्ष्मी’ हा चित्रपट आला. २०११ च्या ‘कांचना’ या तमिळ चित्रपटाची ती हिंदी आवृत्ती. कथा नीट पाहिली तर जमिनीची आहे. रुग्णालयासाठी घेतलेली तृतीयपंथी स्त्रीची जमीन आमदार बळकावतो, तिला मारतो, आणि ती भूत होऊन न्याय मागते. जमीन बळकावण्याचा हा प्रकार आपल्या कार्यकर्त्यांना नवा नाही. चित्रपट भडक आहे, नायकाची भूमिका तारांकित पुरुषालाच दिलेली आहे, सारे कबूल. पण तृतीयपंथी स्त्रीला न्याय मिळण्यासाठी आधी मरावे लागते, ही त्याची खरी गोम आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना नागरिक म्हणून हक्क दिले, २०१८ साली ३७७ कलमातून समलिंगी प्रेमाची मुक्तता केली. आपल्या तालुका शिबिरांत मात्र या दोन्ही निकालांवर एक बौद्धिकसुद्धा ठेवले जात नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमात आपण भानामतीचे प्रयोग उघडे पाडतो, नारळातून निघणाऱ्या करणीचे रहस्य सांगतो. त्याच व्यासपीठावर पुढच्या वेळी ‘संघर्ष’मधला एक प्रसंग दाखवावा आणि निजामाचा तो कायदा वाचून दाखवावा. नांदेड-पूर्णा गाडीत टाळी वाजवून पैसे मागणाऱ्या कुणाला बोलण्यासाठी बोलवावे, आणि येण्याजाण्याचे भाडे शाखेने द्यावे.