शिकण्याचे तास मोजून काय मिळतं?

मार्च जवळ आला की आयटीतल्या बहुतेकांना ती मेल येतेच. "आपले लर्निंग अवर्स अपूर्ण आहेत." मग काय होतं ते तुम्हालाही माहितीये. एका स्क्रीनवर व्हिडिओ चालू, तोही म्यूट करून, आणि दुसऱ्या स्क्रीनवर खरं काम. शेवटी दहा प्रश्न, सर्टिफिकेट, लिंक्डइनवर अभिनंदन. आठवड्याने विचारा, काय शिकलास बाबा? पाटी कोरी!

लोक आळशी आहेत म्हणून हे होत नाही. मोजमापच चुकीचं आहे म्हणून होतं. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांत विभागली तर कमी कष्टात लक्षात राहतं, हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ सालीच छापलं होतं. आणि आपण मार्चच्या दोन वीकेंडांत अख्ख्या वर्षाचं शिक्षण उरकतो.

पण नुसता वेळ देऊनही भागत नाही. नवी गोष्ट डोक्यात टिकते ती आधीच्या कुठल्यातरी अनुभवाला अडकवली तरच.

आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगी आली. गावी तिच्या वडिलांचं दूध संकलन केंद्र. आमचे रात्रीचे सगळे जॉब बरोबर १२ वाजता सुरू व्हायचे आणि डेटाबेस गुडघे टेकायचा. सीनियर मंडळी मोठा सर्व्हर मागायच्या तयारीत. ही म्हणाली, "आमच्याकडे सगळे एकदम कॅन घेऊन आले की रांग रस्त्यावर जायची. मग बाबांनी वस्तीवार वेळा लावून दिल्या. जॉबना पण तसंच करूया ना?" केलं. प्रत्येकात पाच-पाच मिनिटांचं अंतर. प्रश्न मिटला, खर्च शून्य.

अप्रेझलला तिला काय ऐकावं लागलं? ट्रेनिंगचे तास कमी भरले! रेटिंग एक पायरी खाली, पगारवाढही त्याच हिशोबाने. च्यायला, याला शिकणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आता कोणीतरी म्हणेलच, मग काय कोर्स बंद करायचे? अनुभवच गुरू? नाही हो, तेही इतकं सोपं नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या ५ मुलांचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलेले हिशोब त्यांनी ९८ टक्के बरोबर केले. तशीच गणितं कागदावर नुसते आकडे मांडून दिली, तर जेमतेम ३७ टक्के बरोबर. ३५ ला एक, तर १० नारळ कितीला? १२ वर्षांच्या पोराने पुढे शून्य नाही लावलं. तीन-तीन नारळ जोडत १०५, २१०, ३१५ असं करत तो ३५० वर पोचला. दहाने गुणलं की शून्य लावायचं, हे शाळेतलं ज्ञान आणि त्याचा धंदा यांची गाठच पडली नव्हती. २०२५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या कोलकाता आणि दिल्लीच्या अभ्यासातही तेच. बाजारातली मुलं शाळेच्या गणितात अडली, आणि शाळेतली मुलं बाजाराच्या हिशोबात.

म्हणजे नुसता कोर्स लंगडा आणि नुसता अनुभवही लंगडा. दोन्ही जोडावे लागतात. त्याला थोडा मोकळा वेळ लागतो, आणि "हे तुला कशासारखं वाटतं?" असं विचारणारं कोणीतरी लागतं. आणि कंपन्या कात्री लावतात ती नेमकी इथेच. प्रॉडक्शन बंद पडलं की नवीन पोरांना कॉलवर घ्यायचं नाही, का तर त्यांचे तास बिल होत नाहीत. सीनियरशेजारी तासभर बसणं म्हणजे टाइमपास. चहाच्या टपरीवरच्या गप्पांना तर टाइमशीटमध्ये कोडच नाही.

माझ्या वयाचे बरेच जण आता टीम लीड झालेत, म्हणजे फॉर्म भरणारे हात आपलेच आहेत. तासांचा रकाना एचआरला हवा तर भरा. पण खालच्या मोकळ्या जागेत, या माणसाने यावर्षी कुठली गोष्ट कशाला जोडली, ते एका वाक्यात लिहा. रेटिंगच्या मीटिंगमध्ये त्या वाक्यासाठी भांडा. आणि असं वाक्य सुचतच नसेल, तर त्या माणसाला दोष देण्याआधी वर्षभरात त्याला जोडायला वेळ कधी दिला होता, ते कॅलेंडर उघडून बघा.