वाट बंद, तिकीट चालू

मागच्या फेब्रुवारीत रामशेजच्या पायथ्याजवळ मला एका वॉचमनने अडवलं. ज्या किल्ल्याने मुघल फौजेला पाच वर्षांहून जास्त काळ झुलवलं, त्याच्या सावलीत माझी मोहीम पाच मिनिटांत गुंडाळली गेली.

"कुठं चालले?"

"कुठं नाही, असंच. फेरी मारून परत आत्याकडे."

"असंच म्हंजे?"

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्याचं गाव तिथून जवळच, दिंडोरी तालुक्यात. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं सकाळी ओट्यावरून निघायचो. ओढ्याकाठच्या पाणंदीने शेजारच्या गावात, तिथून डोंगराच्या अंगाने वरच्या पाड्यावर. तिथे हंड्यातलं गार पाणी प्यायचं आणि दुसऱ्या बाजूने, खरड छाटणीनंतर नुकती फूट आलेल्या द्राक्षबागांच्या कडेने खाली उतरायचं. गेलो त्या वाटेने परत यायचं नाही, एवढा एकच नियम. ती फेरी मला पुन्हा मारायची होती. पण पाणंद जिथे वळायची तिथे आता तार होती, तारेला सोलर झटका मशीन आणि आत वाइनच्या द्राक्षांच्या सरळ रांगा.

वॉचमन भला माणूस. त्याने उपाय सुचवला, "व्हाइनयार्ड वॉक करायचाय का? मग पुढच्या गेटला जा. तिथं तिकीट मिळतं."

म्हणजे चालायला हरकत नव्हती. फुकट चालायला होती.

हे मी हळहळ म्हणून लिहीत नाहीये. माझं बालपण तारेआड गेलं याचं तुम्हाला काय? पण मी तिथे उभा असताना तीन बायका आल्या. हातात छाटणीच्या कात्र्या, डोक्यावर डब्यांची पिशवी. पेठ-सुरगाण्याकडून दर हंगामात द्राक्षबागांच्या कामाला येणारी जी माणसं आहेत, त्यातल्या. त्या तारेपाशी थांबल्यासुद्धा नाहीत, सरळ सडकेकडे वळल्या. एकीला विचारलं तर म्हणाली, "आधी हितून धा मिंटं लागायची. आता वळसा." सडकेला फूटपाथ नाही. द्राक्षाचे पिकअप आणि शनिवार-रविवारी वायनरीकडे निघालेल्या गाड्या तिथून भरधाव जातात. ज्या बाईच्या हाताने तो वेल छाटला जातो, तिने त्या वेलाच्या कडेने चालायचं नाही. मुंबईहून येणाऱ्याने मात्र तिथे हातात ग्लास घेऊन चालायचं आणि रील टाकायची. माझं भांडण या व्यवस्थेशी आहे.

यावर बागायतदारांचं म्हणणं मला ठाऊक आहे, आत्याच्या घरीच बाग आहे. घड चोरीला जातात. लोक प्लास्टिक टाकतात, दारूच्या बाटल्या फोडतात. औषध फवारलं असेल तर आत आलेल्याला त्रास होतो. निर्यातीच्या मालात एक अंश इकडचा तिकडे झाला तर काय होतं, हे २०१०मध्ये नाशिकने सोसलंय. क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपात द्राक्षं अडकली आणि कित्येक घरं कर्जात बुडाली. अशा माणसाने कुंपण घातलं तर त्याला दोष कसा देणार? मी देत नाही. बागेत कोणीही शिरावं असं माझं म्हणणंच नाही. बागेच्या कडेची, वापरातली वाट मोकळी राहावी, एवढंच मागणं आहे. फवारणीच्या दिवशी पाटी लावा, वाट बंद ठेवा. पण एका दिवसाची बंदी आणि कायमची तार यात फरक आहे.

द्राक्षं आणि पायवाट एकत्र नांदूच शकत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी स्वित्झर्लंडच्या लाव्होकडे पाहावं. जिनिव्हा सरोवराच्या काठी डोंगरउतारावर दगडी बांधांचे मळे, २००७पासून जागतिक वारसा यादीत. त्या मळ्यांमधून गावागावांना जोडणाऱ्या वाटा आहेत आणि त्यावरून कोणीही चालतं, तिकीट नाही. हे मळेवाल्यांच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. १९७९मध्ये स्विस मतदारांनी पायवाटांना संविधानात जागा दिली. पुढे कायदा आला. नोंदलेली वाट बंद करायची असेल, तर तिच्या बदल्यात दुसरी द्यावी लागते. द्राक्षं तिथेही पिकतात, वाइन तिथेही विकली जाते.

आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिच्या कलम १४३खाली दुसऱ्याच्या बांधावरून जायचा हक्क तहसीलदाराकडे मागता येतो, पण तो जमीनधारकाला. त्या तिघींच्या नावावर तिथे गुंठाभर जमीन नाही, त्यामुळे त्यांनी कुठल्या तोंडाने मागायचा? त्याच संहितेत पुढे कलम १६५ आहे, वाजिब-उल-अर्ज. गावोगावी जाण्यायेण्याच्या हक्काच्या ज्या रूढी आहेत, त्या कलेक्टरने शोधून नोंदवाव्यात, असं ते सांगतं. म्हणजे 'इथून लोक पूर्वीपासून चालत आलेत' हे लिहून ठेवायची सोय कायद्यात आहे. पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनाही येतात, पण त्या ट्रॅक्टर जावा म्हणून, खडी-मुरुम टाकायला. पायाने चालणारा माणूस कुठल्याच योजनेत बसत नाही.

याच नाशिक जिल्ह्यात वाट मोकळी राहिल्याचं एक उदाहरण आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. लाखो माणसं रातोरात डोंगराला वळसा घालतात, पाड्यांवरून, भातखाचरांच्या कडेने. तिथे "असंच म्हंजे?" असं कोणी विचारत नाही. निवृत्तिनाथांना वाघ आडवा आला आणि ते गहिनीनाथांच्या गुहेत शिरले, तेही याच प्रदक्षिणेत, असं परंपरा सांगते. श्रद्धेच्या जोरावर ती वाट टिकली, आनंद आहे. पण ज्या वाटेवर देव नाही तिचं काय? शाळेत जाणारी पोरगी, मजुरीला निघालेली बाई, उगाच भटकणारा मी, आमच्या चालण्याला कुठल्या देवाची चिठ्ठी आणायची?

तुम्ही हे फोनवर वाचताय, म्हणून एक काम सांगतो. तुमच्या गावाच्या जुन्या नकाशाची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून काढा. त्यावर तुटक रेघा दिसतील, त्या वाटा. एका रविवारी त्या रेघा प्रत्यक्ष चालून पाहा. जिथे तार लागेल तिथे फोटो आणि लोकेशन. मग गावातल्या म्हाताऱ्यांना आणि मजूर बायकांना विचारून त्याची यादी करा आणि ग्रामसभेत ठराव मांडा, की या वाटा वाजिब-उल-अर्जात नोंदवा. बागायतदारालाही त्या सभेत बसवा, फवारणीचे दिवस त्यालाच ठरवू द्या. वायनरीवर चिडून काही होत नाही. तिची तार ज्या वाटेवर पडली, ती वाट आपण कधी लिहूनच ठेवली नव्हती.

त्या दिवशी मी तिकीट काढलं नाही. त्या बायकांच्या मागे सडकेने निघालो. मला तासभर जास्त लागला, पण तो एकाच दिवसाचा. वॉचमनने जाता जाता सांगितलं होतं, तो वरच्या पाड्यावरचा. रोज वळसा घालूनच कामाला येतो.