तत्त्वचर्चेला गुण नकोत, जागा हवी

नारायण पेठेतील अभ्यासिकांमधून तत्त्वज्ञान वाचले जाते, ही गोष्ट वरवर पाहता समाधानाचीच मानावी लागेल. केंद्रीय लोकसेवा आयोगाने 2013 सालापासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची 250 गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवली. वैकल्पिक विषय म्हणूनही तत्त्वज्ञान घेता येते. त्यामुळे कांट, मिल, बुद्ध आणि गांधी यांची मते पेठेतल्या भाड्याच्या टेबलांवर अधोरेखित होत असतात. परंतु अभ्यासिकेचा पहिला नियम शांततेचा. कर्तव्य श्रेष्ठ की परिणाम श्रेष्ठ, यावर शेजारच्या मित्राशी दोन शब्द बोलावयाचे तर जिना उतरून चहाच्या टपरीवरच जावे लागते. जी विद्या संवादातून जन्मली, ती मुकाट्याने पाठ करण्याची वस्तू होऊन बसावी, ही खेदाची गोष्ट होय.

ही उणीव भरून काढणे हे विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या तत्त्वज्ञान-मंडळाचे खरे काम आहे. प्रत्यक्षात अशा मंडळांचे आयुष्य कसे असते, हे सर्वांना ठाऊक आहे. एखाद्या वर्षी उत्साही तुकडी येते, उद्घाटन होते, पाहुण्यांचे तासभर भाषण होते, आभारप्रदर्शन होते. परीक्षा जवळ आल्या की मंडळ विझते आणि पुढल्या वर्षी त्याचे नावही कोणास आठवत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत सहअभ्यासक्रमाच्या उपक्रमांनाही श्रेयांक मिळू लागले आहेत. तेव्हा तत्त्वज्ञान-मंडळालाही श्रेयांक द्यावेत म्हणजे उपस्थिती वाढेल, अशी सूचना होणे स्वाभाविक आहे. तीमागील हेतू चांगला आहे. उपाय मात्र रोगाहून वाईट ठरेल.

श्रेयांकांचा मोह

ज्या वस्तूची किंमत ठरते, तिचा पुरवठा त्या किमतीपुरताच होतो, हा बाजाराचा साधा अनुभव आहे. दोन श्रेयांकांसाठी येणारा विद्यार्थी दोन श्रेयांकांइतकाच विचार करील, यात त्याचा दोष नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, श्रेयांक आले म्हणजे मूल्यमापन आले आणि मूल्यमापन आले म्हणजे मूल्यमापन करणाराही आला. ज्याच्या हाती गुण आहेत त्याच्यासमोर आपली खरी शंका कोण मांडील? ईश्वर आहे काय, आरक्षण न्याय्य का, आईवडिलांच्या इच्छेपुढे आपली इच्छा गौण मानावी काय, हे प्रश्न ज्याला त्याला आपल्या जोखमीवर विचारावे लागतात. गुणपत्रिकेत या जोखमीला रकाना नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो बिनतोड नसला तरी दुर्लक्षण्याजोगा नाही. सकाळी काम करून कॉलेजला येणाऱ्या, संध्याकाळी एस.टी. गाठून गावी परतणाऱ्या मुलाला निरर्थक भासणाऱ्या चर्चेसाठी वेळ कोठून मिळणार? काही लाभ दिसला नाही, तर मंडळ सुखवस्तू घरांतील मुलांचाच अड्डा होणार नाही काय? ही भीती खरी आहे. परंतु अशा विद्यार्थ्याची अडचण वेळेची व अंतराची आहे. ती वेळ आणि जागा सोयीची निवडूनच दूर होईल. श्रेयांकांमुळे त्याची एस.टी. उशिरा सुटणार नाही.

इतिहासाची साक्ष

कोणताही मोबदला नसताना विद्यार्थ्यांची मंडळे किती दूरवर जाऊ शकतात, याची साक्ष महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. मुंबईत 1848 साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व तरुण अध्यापकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. निबंध वाचावेत आणि त्यांवर चर्चा करावी, हा तिचा कार्यक्रम. देशी भाषांतून ज्ञान पोहोचावे म्हणून तिच्या मराठी व गुजराती शाखाही निघाल्या. चर्चा करता करता स्त्रीशिक्षणाचा प्रश्न पुढे आला, आणि 1849 साली याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढून त्यांत स्वतः विनावेतन शिकवावयास प्रारंभ केला. दादाभाई नौरोजी त्यांतलेच एक होते.

पुण्याचे उदाहरण तर घरचेच. डेक्कन कॉलेजात शिकत असताना टिळक आणि आगरकर यांच्यात रात्ररात्र चाललेल्या वादांची परिणती 1880 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल काढण्यात झाली. पाठोपाठ 'केसरी' निघाला. पुढे दोघांची मते जुळेनाशी झाली आणि आगरकरांनी 1888 साली 'सुधारक' काढला. ज्या गायकवाड वाड्याला आज केसरी वाडा म्हणतात, तो नारायण पेठेतच उभा आहे. त्याच्यासमोरून अभ्यासिकेकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला या वास्तूमागे दोन विद्यार्थ्यांचा न संपलेला वादही उभा आहे, हे कोणी तरी सांगावयास हवे.

मंडळ चालते कशावर?

वक्त्यांच्या नावलौकिकावर मंडळ चालत नाही. ते चालते शिस्तीवर. प्रथम, भाषण नको, विद्यार्थ्याचा छोटा निबंध हवा. केंब्रिजच्या 'मॉरल सायन्सेस क्लब'मध्ये 1912 साली विट्गेन्स्टाइन या विद्यार्थ्याने 'तत्त्वज्ञान म्हणजे काय' या विषयावर वाचलेला निबंध अवघ्या चार मिनिटांत संपला. उरलेला वेळ चर्चेचा होता. आपल्याकडे हे प्रमाण नेमके उलटे असते.

दुसरी गोष्ट वादाच्या रीतीची. न्यायसूत्रांनी चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले. सत्य शोधण्यासाठी बोलतो तो वाद, जिंकण्यासाठी बोलतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करतो ती वितंडा. दूरचित्रवाणीवर वाढलेल्या पिढीला शेवटच्या दोहोंचा परिचय पुरेसा आहे. म्हणून मंडळाने एकच दंडक पाळावा: प्रतिपक्षाला मान्य होईल अशा शब्दांत त्याचा पूर्वपक्ष मांडल्याखेरीज कोणीही खंडनास उभे राहू नये.

तिसरी गोष्ट भाषेची. मराठीत तत्त्वचर्चा होत नाही, ही सबब आता टिकणारी नाही. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' 1974 सालीच सिद्ध झाला. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने 'परामर्श' हे मराठी नियतकालिक चालवले. 1983 साली तर पुण्यातच प्रा. मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने नैयायिक पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे अभ्यासक एकत्र बसले, आणि बर्ट्रांड रसेलची विधानविषयक उपपत्ती संस्कृतात आणून पंडितांपुढे ठेवण्यात आली. रसेल संस्कृतात समजावून सांगता येतो, तर इंग्रजीच्या धाकाने मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलाला मराठीत बोलू देण्यास हरकत कसली?

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट कारभाराची. अध्यक्षपद दर बैठकीस फिरते असावे, इतिवृत्ताची वही विद्यार्थ्यानेच लिहावी आणि ती पुढील बैठकीत वाचून मंजूर व्हावी. अध्यापकांनी मागे बसावे व विचारल्यावरच बोलावे. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या खुल्या निवडणुका थांबल्या. 2016 च्या कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली खरी, परंतु पुढे वर्षानुवर्षे तिला मुहूर्त लागला नाही. त्यामुळे सभा कशी बोलवावी, ठराव कसा मांडावा, हरल्यावर खुर्चीवर शांतपणे कसे बसावे, याचे शिक्षण पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांना मिळालेच नाही. हे शिक्षण तत्त्वज्ञान-मंडळाची जुनाट वाटणारी वही देऊ शकते.

या सर्वाला खर्च किती? एक खोली, पंचवीस खुर्च्या, एक फळा, एक वही आणि चहा. विद्यापीठ गणेशखिंडीत आहे आणि त्याचे कितीतरी विद्यार्थी पेठांतून खोल्या घेऊन राहतात. तेव्हा मंडळानेच आठवड्यातून एक संध्याकाळ टेकडीखाली उतरून पेठेत यावे. वर्ग सुटल्यावर शहरातील शाळा-महाविद्यालयांच्या कित्येक खोल्या रिकाम्या असतात. त्यांपैकी एक विद्यापीठाने मिळवून द्यावी. अभ्यासिकेतील मुलगाही तेथे येऊ शकेल, मग तो विद्यापीठाच्या पटावर असो वा नसो. अडचण पैशाची नसून भरवशाची आहे. मुले अप्रिय प्रश्न विचारतील, त्यांतून तक्रारी उद्भवतील, ही धास्ती संस्थाचालकांना वाटते. ती अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. परंतु ज्या संस्थेला प्रश्नांचे भय वाटते तिने परीक्षाकेंद्र म्हणवून घ्यावे, विद्यापीठ म्हणवून घेऊ नये. विद्यार्थ्यांना श्रेयांक देण्याचा विचार विद्यापीठाने खुशाल सोडून द्यावा; खोलीची किल्ली तेवढी त्यांच्या हाती द्यावी.